आणि, किंवा, नको

भाषेतील मोठ्या शब्दांचा मान सर्वच राखतात. धर्म, सत्य, न्याय हे शब्द उच्चारले की सभेतला श्रोता सावरून बसतो. लहान शब्दांच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. 'आणि', 'किंवा', 'नको' हे तीन शब्द सकाळच्या चहापासून रात्रीच्या निरोपापर्यंत आपण किती वेळा उच्चारतो, याची गणती कोणी ठेवत नाही. आम्हांस मात्र शासकीय सेवेतील तीन तपांनी या शब्दांचा धाक शिकवला, आणि निवृत्तीनंतर संगणकापुढे बसू लागल्यावर त्यांचे सामर्थ्य दिसून आले. आंतरजालावरील शोधयंत्राकडून हवी ती माहिती काढून घेण्याची जी विद्या आहे, ती बव्हंशी या तीन शब्दांचीच विद्या आहे. माळव्यात पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी घराण्यांना तर तिची गरज इतरांहून अधिक आहे. ती कशी, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

आधी कचेरीतील एक गोष्ट सांगतो. आपल्या राज्याचा कारभार हिंदीतून चालतो. त्या हिंदीत 'आणि'साठी 'एवं' व 'तथा', आणि 'किंवा'साठी 'अथवा' हे शब्द मसुदा करणाऱ्याच्या लेखणीतून सहज उतरतात. एका साहाय्य-योजनेच्या परिपत्रकात लाभार्थींचे वर्णन 'वृद्ध एवं निराश्रित महिला' असे होते. हे ज्या कार्यालयात घडले त्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. तेथील लिपिकाने त्या शब्दांचा अर्थ असा लावला, की अर्जदार स्त्री वृद्धही असली पाहिजे आणि निराश्रितही. पंचेचाळीस वर्षांची, जिला खरोखर कोणाचाच आधार नव्हता अशी एक बाई त्यामुळे परत गेली. शेजारच्या तहसिलीत दुसऱ्या लिपिकाने त्याच शब्दांचा अर्थ 'वृद्ध महिला आणि निराश्रित महिला, दोन्ही प्रकारच्या' असा लावला आणि तशाच परिस्थितीतील दुसऱ्या बाईचा अर्ज मंजूर झाला. वरून खुलासा मागवण्यात आला. तो येण्यास कित्येक महिने लागले, आणि आला तेव्हा त्यात एवढेच होते की 'एवं'च्या जागी 'अथवा' वाचावे. एका शब्दाच्या बदलाने यादीतील नावे कितीतरी वाढली. कोणाचे उत्पन्न बदलले नव्हते, कोणाचे वय बदलले नव्हते. बदलले होते ते केवळ एक अव्यय.

या गोष्टीत शोधयंत्राचे अर्धे मर्म आहे. रोजच्या बोलण्यात 'आणि' हा देणारा शब्द आहे. 'पोहे आणि चहा' म्हटले की पुढ्यात दोन वस्तू येतात, एका वस्तूपेक्षा जास्त येते. परंतु हाच शब्द निवड करण्यासाठी वापरला की तो घेणारा होतो. 'मुलगा शिकलेला आणि निर्व्यसनी आणि उज्जैनचाच हवा' असे वधूपिता म्हणू लागला, की प्रत्येक 'आणि'गणिक स्थळे कमी होत जातात. उलट 'उज्जैनचा किंवा इंदूरचा किंवा देवासचा चालेल' म्हटले की ती वाढतात. अट जोडणारा शब्द क्षेत्र आखडतो आणि पर्याय देणारा शब्द क्षेत्र वाढवतो. कानाला हे उलटे वाटते, म्हणूनच बहुतेक माणसे शोधयंत्रापुढे फसतात. काही सापडले नाही की ती आणखी शब्द घालतात, आणि जाळे मोठे करण्याऐवजी नकळत त्याची भोके बुजवून तोंडच आवळतात.

हे शास्त्र ज्याने बांधले तो गृहस्थ जॉर्ज बूल. १८१५ साली इंग्लंडातील लिंकन या गावी एका चांभाराच्या घरी त्याचा जन्म झाला. घरची स्थिती बेताची, विद्यापीठाचे शिक्षण नाही. स्वतःच्या बळावर गणित शिकून तो १८४९ मध्ये आयर्लंडमधील कॉर्क येथील क्वीन्स कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झाला. १८५४ साली त्याचा विचारांच्या नियमांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्याने तर्काला बीजगणिताचा वेष चढवला. दोन अटी एकत्र लावणे म्हणजे गुणाकार, दोन वर्ग एकत्र करणे म्हणजे बेरीज, आणि वगळणे म्हणजे वजाबाकी, अशी ती मांडणी होती. १८६४ मध्ये पावसात भिजत व्याख्यानाला गेल्याचे निमित्त होऊन वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी तो वारला. त्याच्या बीजगणिताचा प्रत्यक्ष उपयोग त्याच्या हयातीत कोणाला दिसला नाही. १९३७ साली अमेरिकेत क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखवून दिले, की विजेच्या खटक्यांची जोडणी बूलच्या नियमांनी मांडता येते. संगणकाची सारी इमारत त्या पायावर उभी राहिली.

बूलची पत्नी मेरी ही जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी. एव्हरेस्ट म्हटले की आपल्याला हिमालयाचे शिखर आठवते, पण भारताच्या सर्वेक्षणाचा प्रमुख असलेल्या या माणसाचा आपल्या प्रांताशी फार जवळचा संबंध आहे. विदिशा जिल्ह्यातील सिरोंजजवळ त्याने १८२४-२५ मध्ये सर्वेक्षणाची आधाररेषा मोजली, आणि तेथल्याच परिसरातील कल्याणपूर हे ठाणे पुढे भारतीय सर्वेक्षणाच्या साऱ्या मोजमापाचा आरंभबिंदू ठरले. एव्हरेस्टने हिंदुस्थानातून नेलेल्या तत्त्वविचारांचा प्रभाव आपल्या पतीच्या कार्यावर पडला होता, असे मेरी बूल यांनी उतारवयात लिहून ठेवले आहे. पत्नीच्या साक्षीपलीकडे या म्हणण्यास सबळ पुरावा नाही, तेव्हा त्यावरून छाती फुगवण्याचे कारण नाही. पण आपल्या परंपरेने या लहान शब्दांचा विचार फार खोलवर केला होता, हे सांगण्यास त्या साक्षीची गरजही नाही.

आपल्या मीमांसकांनी वेदवाक्यांचा अर्थ लावताना समुच्चय, विकल्प आणि निषेध यांचा जो काथ्याकूट केला तो परिपत्रकांचा अर्थ लावणाऱ्या कोणाही अधिकाऱ्याने वाचावा असा आहे. समुच्चय म्हणजे 'आणि', विकल्प म्हणजे 'किंवा'. यज्ञात तांदूळ वापरावा किंवा जव वापरावा, असा विकल्प असेल तेथे एकच घ्यायचे, दोन्ही मिसळायचे नाहीत. अशा विकल्पात आठ दोष त्यांनी मोजून दाखवले आणि निरुपाय झाल्यावाचून तो स्वीकारू नये असे सांगितले. निषेधाचेही त्यांनी दोन प्रकार केले. सरळ मनाई म्हणजे प्रसज्यप्रतिषेध, आणि 'अमुक सोडून बाकीचे घ्या' असा वगळणारा निषेध म्हणजे पर्युदास. शोधयंत्राचा 'नको' हा पर्युदास आहे. त्याचा 'किंवा' मात्र मीमांसकांच्या विकल्पासारखा नाही. 'चहा किंवा कॉफी' असे यजमान विचारतो तेव्हा दोन्ही मागणारा पाहुणा असभ्य ठरतो. शोधयंत्राकडे तसे नाही. 'हे किंवा ते' म्हटले की ज्यात हे आहे ते, ज्यात ते आहे ते, आणि ज्यात दोन्ही आहे तेही मिळते. स्वतः बूलचा कल परस्परांना वगळणाऱ्या वर्गांची बेरीज करण्याकडे होता. १८६४ मध्ये जेव्हन्स या त्याच्या अनुयायाने 'किंवा'चा आजचा उदार अर्थ तर्कशास्त्रात रूढ केला.

आता ही गोष्ट आकड्यांत पाहू. समजा, एका कपाटात शंभर ग्रंथ आहेत. त्यांतील चाळिसांत 'उज्जैन' हा शब्द आहे, पंचविसांत 'शिंदे' हा शब्द आहे, आणि दहा ग्रंथांत दोन्ही शब्द आहेत. 'उज्जैन आणि शिंदे' मागितले तर दहा ग्रंथ पुढ्यात येतील. 'उज्जैन किंवा शिंदे' मागितले तर चाळीस अधिक पंचवीस वजा दहा, म्हणजे पंचावन्न येतील. 'उज्जैन, पण शिंदे नको' म्हटले तर तीस येतील. आंतरजालावर शंभरांच्या जागी अब्जावधी पाने आहेत, एवढाच भेद.

प्रत्यक्ष वापराच्या चार खुणा ध्यानात ठेवल्या की पुरे. गूगलमध्ये शब्दांपुढे शब्द लिहिले की त्यांच्यामध्ये 'आणि' असल्याचे यंत्र मानून चालते, तो लिहावा लागत नाही. 'किंवा' मात्र लिहावा लागतो, आणि तोही इंग्रजी 'ऑर' मोठ्या अक्षरांत. आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, आणि देवनागरीत 'किंवा' लिहिले तर यंत्र त्याला सामान्य शब्द समजते. म्हणून दोन मराठी शब्दांच्या मध्येसुद्धा हा इंग्रजी मध्यस्थ बसवावा लागतो, किंवा त्याच्या जागी एक उभी रेघ द्यावी लागते. 'नको'साठी शब्दाला चिकटून वजाचे चिन्ह द्यावे, मध्ये जागा सोडू नये. शब्द जसेच्या तसे आणि त्याच क्रमाने हवे असतील तर ते दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावे. ग्रंथालयांच्या सूचींत याशिवाय कंसांचे महत्त्व आहे. 'बायजाबाई आणि (उज्जैन किंवा ग्वाल्हेर)' असे कंस घालून विचारले तर बायजाबाईंविषयीचेच मिळते. कंस काढले तर अनेक सूची गणितातल्या गुणाकाराप्रमाणे 'आणि' आधी सोडवतात, आणि मग बायजाबाईंशी काडीचाही संबंध नसलेले सारे ग्वाल्हेर अंगावर कोसळते.

इथपर्यंतचे कोणत्याही गावच्या माणसाला लागू आहे. आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे वळू. आपण माळव्यातील मराठी माणसे. आपले पूर्वज पेशवाईच्या काळात या मुलखात आले. आपले कागद मोडीत, पत्रव्यवहार मराठीत, संस्थानचा आणि नंतर राज्याचा कारभार हिंदीत, आणि आपल्याविषयी इतरांनी लिहिलेले इंग्रजीत. २८ मे १९४८ पर्यंत आपण ग्वाल्हेर संस्थानात होतो, मग मध्यभारतात, आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून मध्यप्रदेशात. घर हलले नाही, पत्ता मात्र दोनदा बदलला. अशा समाजाचे एकही नाव एकाच रूपात सापडत नाही. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे आहे, की 'आणि' हा शब्द इतरांच्या उपयोगाचा असेल, आपल्या उपयोगाचा शब्द 'किंवा' आहे.

आपल्या नगराचेच नाव घ्या. ग्रीक लेखकांनी तिला 'ओझेन' म्हटले. विल्यम हंटरने आग्र्याहून येथवर केलेल्या प्रवासाची हकीकत १७९९ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत छापली, तेव्हा नावाची इंग्रजी अक्षरे ओ, यू, जे, ई, आय, एन अशी लावली. सर जॉन माल्कमने १८२३ साली मध्य हिंदुस्थान व माळव्यावरील दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांत आरंभी दोन ओ आहेत. आज आपण यू आणि दोन जे लिहितो. आजच्या अक्षरांनी शोध करणाऱ्याला हंटर आणि माल्कम दोघेही हुकण्याचा संभव आहे, आणि त्या काळची उज्जैन ज्यांनी डोळ्यांनी पाहिली त्यांची साक्ष त्याच्या हाती लागणार नाही. राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१५ साली 'अभिलेख पटल' नावाचे संकेतस्थळ सुरू केले. त्यातील जुन्या इंग्रजी कागदांची शीर्षके त्या काळच्या कारकुनाने ज्या अक्षरांत लिहिली त्याच अक्षरांत आहेत. शिंदे हे नाव तेथे एस, सी अशा आरंभानेही भेटते आणि नुसत्या एसनेही, डीनंतर एच असलेलेही आणि नसलेलेही. मराठी कागदांत तेच 'शिंदे', हिंदीत 'सिंधिया'. हे सारे 'किंवा'ने बांधल्यावाचून शिंदेशाहीचा शोध पुरा होत नाही.

माणसांच्या नावांची कथा याहून गुंतागुंतीची आहे. महाकालेश्वराच्या मंदिराचा अठराव्या शतकात जीर्णोद्धार करणारे राणोजी शिंद्यांचे दिवाण कोठे रामचंद्रबाबा शेणवी म्हणून येतात, कोठे सुखटणकर म्हणून, तर कोठे रामचंद्र मल्हार म्हणून. महादजी कोठे माधवराव असतात, तर कोठे पाटीलबाबा. गोपाळ मंदिर ज्यांनी बांधले त्या बायजाबाईंचे नाव इंग्रजीत कोणी जे घालून लिहितो, कोणी झेड घालून. फॅनी पार्क्स ही इंग्रज बाई बायजाबाईंना प्रत्यक्ष भेटली होती. १८५० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात तिने त्यांच्याविषयी जिव्हाळ्याने लिहिले आहे. पण ते झेडने लिहिले आहे. जेने शोध करणाऱ्या अभ्यासकाला बायजाबाईंचा डामडौल, त्यांचे घोडेस्वारीचे प्रेम, त्यांचा स्वाभिमान यांचे एका स्त्रीने केलेले हे चित्र दिसणारच नाही. एका अक्षराच्या आड एक संपूर्ण व्यक्तिमत्त्व लपून बसते.

फार मागे जाण्याचेही कारण नाही. पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर आपल्यांतले, आपल्या गावचे. १९५७ साली त्यांनी भीमबेटकाची चित्रगुंफा जगापुढे आणली, १९७५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९८८ मध्ये ते गेले. २००३ साली भीमबेटका जागतिक वारसा ठरले. त्यांचे आडनाव इंग्रजीत डब्ल्यूनेही लिहितात आणि व्हीनेही. हिंदीत 'ण'चा 'न' होतो. कोठे पूर्ण नाव असते, तर कोठे केवळ आद्याक्षरे. उज्जैनजवळच्या कायथा येथील त्यांच्या उत्खननाविषयी काही हवे असेल, तर कायथा 'आणि' या सर्व रूपांचा 'किंवा', असा प्रश्न बांधावा लागतो. वाकणकरांसारख्या विख्यात पुरुषाची ही अवस्था, तर आपल्या सामान्य घरांतील आजोबा-पणजोबांचे काय?

आमच्या नात्यातील एक मुलगी पुण्यात नोकरी करते. एके दिवशी तिचा दूरध्वनी आला. "काका, आईच्या आजोबांबद्दल आंतरजालावर काहीसुद्धा नाही. मी सगळं शोधून पाहिलं."

"काय लिहून शोधलंस?" आम्ही विचारले.

तिने सांगितले. पणजोबांचे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अवतरणचिन्हांत, पुढे उज्जैन, त्यापुढे शिक्षक, त्यापुढे ग्वाल्हेर. म्हणजे चार अटी, आणि त्यांतली पहिली तर अक्षर न् अक्षर जुळण्याची. त्या काळच्या कोणत्या कारकुनाने त्यांचे नाव असे पूर्ण लिहिले असेल? आम्ही तिला म्हटले, "शिक्षक काढून टाक, ग्वाल्हेर काढून टाक. आडनावाची सुचतील तेवढी इंग्रजी रूपे 'किंवा' घालून लिही. नावाच्या जागी नुसती दोन आद्याक्षरे घे. उज्जैनची जुनी रूपेही घे." आठवडाभराने तिने एक चित्र पाठवले. ग्वाल्हेर संस्थानच्या एका जुन्या अहवालाची ती छायाप्रत होती. त्यात शिक्षण खात्याच्या यादीत एक ओळ होती: दोन आद्याक्षरे, व्हीच्या जागी डब्ल्यू असलेले आडनाव, हुद्दा, गाव आणि पगार. ओळ एवढीच होती, पण घरात सांगितल्या जाणाऱ्या साऱ्या तपशिलांशी ती जुळत होती. तिच्या आईने त्या पानाची प्रत काढून घेऊन ती देवघराच्या कपाटात ठेवली, असे नंतर कळले. ज्या मुलीने "काहीसुद्धा नाही" म्हटले होते, तिने हार मानली असती तर त्या घरापुरते ते वाक्य खरे ठरले असते.

'किंवा'ची थोरवी गायिली, तसा 'नको'चा धोकाही सांगितला पाहिजे. आज 'सिंधिया' या नावाने शोध केला की हयात राजकारणी येतात, ग्वाल्हेरची शाळा येते, आणि १९१९ साली स्थापन झालेली जहाज कंपनीही येते. 'महाकाल' म्हटले की दर्शनाची नोंदणी, निवासाची सोय आणि २०२२ मध्ये लोकार्पण झालेला महाकाल लोक. अशा गर्दीत वजाचे चिन्ह फार उपयोगी पडते. परंतु यंत्राचा पर्युदास आंधळा असतो. 'हॉटेल नको' म्हटले की ज्या उत्तम लेखात महाकालाच्या शिल्पाचे सविस्तर विवेचन आहे, पण अखेरीस 'आम्ही हॉटेलात परतलो' असे एक वाक्य आहे, तो लेखही बाहेर फेकला जातो. फेकला गेला हे कोणी सांगतही नाही. 'आणि'ने गमावलेले अट सैल केल्यावर परत दिसते. 'नको'ने गमावलेल्याचा माणसाला संशयही येत नाही. म्हणून 'नको' हा शब्द घरात वापरावा तसाच येथेही वापरावा: कमी, आणि विचार करून.

मराठीची स्वतःची म्हणून आणखी एक अडचण आहे. आपले शब्द विभक्ती लागताच रूप पालटतात. 'शिंदे' असे अवतरणात लिहिले तर 'शिंद्यांनी' आणि 'शिंद्यांचा' हे त्यात बसत नाहीत. शिवाय १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि पूर्वीचे कितीतरी अनुस्वार गेले. आनंदराव भाऊ फाळके यांनी ग्वाल्हेरहून संपादित केलेल्या शिंदेशाहीच्या साधनांच्या नावात 'साधनें' यावर अनुस्वार आहे. आपण आज तो देत नाही. डोळ्याला तो एक ठिपका, यंत्राच्या काटेकोर तुलनेत मात्र तो वेगळा शब्द. म्हणून जुन्या मराठी ग्रंथांचा शोध करताना अनुस्वारासह आणि अनुस्वारावाचून अशी दोन्ही रूपे 'किंवा'ने जोडावीत.

पूर्वी हे काम आपल्यासाठी दुसरे कोणी करीत असे. जुन्या ग्रंथालयांत लाकडी खणांतून सूचिपत्रे असत. त्यांत एखाद्या पत्रावर एवढेच लिहिलेले आढळे: 'अमुक नावासाठी तमुक पाहा'. ग्रंथपालाने आपल्या विद्वत्तेने आधीच बसवून ठेवलेला तो 'किंवा' होता. वाचकाने कोणत्याही नावाने विचारावे, खण त्याला योग्य जागी नेऊन सोडीत असे. आता ग्रंथपालाच्या जागी यंत्र आले. तेही हल्ली हुशार झाले आहे. समानार्थी शब्द ते स्वतः जोडते, चुकलेली अक्षरे सुधारते, एखादी अट जुळत नसेल तर ती गाळून पाने दाखवते, आणि अलीकडे तर पानांच्या आधी स्वतःच रचलेले उत्तरही देते. मग या जुन्या विद्येची गरज काय, असे कोणी म्हणेल. गरज वाढली आहे, असे आमचे मत आहे. यंत्राचा अंदाज बहुतांच्या मागणीवर बांधलेला असतो. शंभरांतील नव्याण्णवांना महाकालाच्या आरतीची वेळ हवी असते. त्यांच्यासाठी अंदाज उत्तम चालतो. ज्या एकाला १८२० च्या सुमाराची आपली हवेली हवी असते, त्याने आपला प्रश्न आपणच नीट बांधला पाहिजे.

आणि शेवटी येते ते यंत्राचे सर्वांत कठीण वाक्य: 'काही सापडले नाही'. ते वाचून लोक 'ते नाहीच' असा निष्कर्ष काढतात. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती यांनी अनुपलब्धी, म्हणजे न दिसणे, हे अभाव जाणण्याचे प्रमाण मानले आहे, पण त्यास एक अट घातली आहे. वस्तू तेथे असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात जमिनीवर घडा दिसला नाही, तर घडा नाही असे म्हणता येते. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. शोधयंत्रापुढे आपण बहुधा अंधाऱ्या खोलीत उभे असतो. कागद कोणत्या अक्षरांत लिहिला आहे हे ठाऊक नसते. छायाप्रत काढताना यंत्राने अक्षरे नीट वाचली की नाही हे ठाऊक नसते. आपल्या घरच्या पेटीतील मोडी रुमाल तर त्या खोलीत आलेलेच नसतात. म्हणून 'सापडले नाही' याचे मराठी भाषांतर 'या प्रश्नाला, या अक्षरांत, या ठिकाणी उत्तर नाही' असे करावे, त्याहून अधिक नाही.

फ्रीगंजपासून कार्तिक चौकापर्यंत कितीतरी घरांत आज एकेक वृद्ध माणूस असा आहे, ज्याला घराण्याची मूळ नावे, दरबारी हुद्द्यांवरून पडलेली आडनावे, सोडलेले कोकणातले वा देशावरचे गाव हे सर्व ठाऊक आहे. त्याच्या नातवंडांना मोडी येत नाही, काहींना मराठी वाचण्याचाही सराव राहिलेला नाही. पण शोधयंत्र त्या सर्वांना येते. उद्या ती बंगळुरात किंवा अमेरिकेत बसून आपल्या घराण्याचे नाव टंकित करतील. त्यांना काय मिळेल, हे आपण आज काय लिहितो आणि कसे लिहितो यावर ठरणार आहे. शोधणाऱ्याच्या हातात जसा 'किंवा' आहे, तसा लिहिणाऱ्याच्या हातातही आहे. कुलवृत्तांत लिहिताना, संस्थेच्या स्मरणिकेत चार ओळी देताना, जुन्या छायाचित्रामागे नोंद करताना नुसते 'आमचे काका' किंवा 'आबासाहेब' असे लिहू नये. पूर्ण नाव लिहावे, घरातले नाव लिहावे, जुने आडनाव लिहावे, गाव लिहावे, साल लिहावे. जमल्यास हिंदी आणि इंग्रजी रूपेही शेजारी द्यावीत. ग्रंथपाल सूचिपत्रावर 'पाहा' लिहीत असे, ते काम आता आपल्याकडे आले आहे.

येत्या अंकांसाठी घराण्यांच्या हकिकती पाठवणाऱ्या सर्व सभासदांना आमची हीच विनंती आहे. लेखाच्या अखेरीस दोन ओळी सोडून आपल्या घराण्याच्या नावाची जेवढी रूपे ठाऊक असतील तेवढी लिहून पाठवावीत. त्यांतले कोणते रूप पुढच्या पिढीतील कोणाच्या हाती लागेल, हे आज कोणालाच सांगता येणार नाही.